काचेची तार शहरात येते कशी, आणि कोणाच्या दारी थांबते

गेल्या महिन्यात एका दुपारी शेजारच्या गल्लीतला एक तरुण आमच्या गाळ्यावर धावत आला. हा मुलगा जकार्डच्या डिझाइनी संगणकावर काढतो, हात चांगला आहे, सुरतेच्या दोन-तीन पार्ट्या त्याच्याकडूनच काम करून घेतात. म्हणाला, "चाचा, तुमच्याकडे नेट चालू आहे का? मोबाईलवरून फाईल जातच नाही. पार्टी फोनवर फोन करतेय." आमच्याकडेही मोबाईलचेच नेट. दोघांनी मिळून पाऊण तास खटपट केली. शेवटी तो पेन ड्राइव्ह खिशात टाकून मेन रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि पाच मिनिटांत काम करून परतला. त्या दुकानापर्यंत फायबरची तार आलेली आहे. आमचा गाळा तेथून दोनशे पावलांवर आहे.

ही दोनशे पावले तारेने का चालली नाहीत, हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर अर्धे आमच्याच गल्लीत आहे, ते पुढे सांगतो. बाकीचे अर्धे शोधताना अमेरिकेतल्या काही शहरांचा इतिहास वाचण्यात आला. तेथे गेल्या पंधरा-सोळा वर्षांत ही तार नव्या नव्या शहरांत नेण्याचे प्रयोग झाले, काही जमले, काही फसले. व्यापारी आणि कारागीर बांधवांनी ते समजून घेण्यासारखे आहेत. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, संगणकाची भाषा आमच्या वाट्याला उशिरा आली. तेव्हा जे कळले ते कापडाच्या भाषेत मांडतो.

वस्तू काय आहे?

ऑप्टिकल फायबर म्हणजे काचेचा धागा. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाइतकी. डोक्याच्या जाड केसापेक्षा फार मोठी नव्हे. त्याच्या पोटात त्याहून बारीक काचेचा गाभा असतो आणि त्या गाभ्यातून प्रकाशाचे ठोके धावतात. तांब्याच्या तारेतून वीज धावते, ती लांब गेली की थकते. काचेतला प्रकाश कित्येक किलोमीटर गेला तरी शाबूत राहतो. या शास्त्राच्या पाया घालणाऱ्यांत पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांचे नाव घेतले जाते. १९५४ मध्ये काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पाठविण्याचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले की काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश दूरवर नेता येईल. त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले.

वेगाचा हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः करायला शिकले पाहिजे, कारण जाहिरातीत येथेच गफलत होते. कंपनी वेग सांगते 'बिट'मध्ये आणि आपली फाईल मोजली जाते 'बाइट'मध्ये. आठ बिटांचा एक बाइट. समजा डिझाइनची फाईल २ गिगाबाइटची आहे, म्हणजे १६ गिगाबिट झाले. ५ मेगाबिटच्या जोडणीवरून ती पाठवायला ३,२०० सेकंद, म्हणजे त्रेपन्न मिनिटे लागतील. एक गिगाबिटच्या जोडणीवरून कागदावर १६ सेकंद. प्रत्यक्षात थोडे जास्त लागते, पण फरक कळावा.

दुसरी गफलत 'येणे' आणि 'जाणे' यांची. पुष्कळ जोडण्यांत माल येण्याचा वेग मोठा आणि जाण्याचा लहान असतो. घरात सिनेमा पाहणाऱ्याला येणारा वेग पुरतो. नमुन्याचे फोटो पाठवणारा, गिऱ्हाइकाला व्हिडिओवर थान उलगडून दाखवणारा, डिझाइन पाठवणारा, या सगळ्यांना जाणारा वेग हवा. ज्याला विकायचे आहे त्याने आधी हाच आकडा विचारावा.

पैसा कोठे जातो?

काचेचा धागा महाग नाही. महाग आहे ते खोदकाम, खांबाचे भाडे, मजुरी, परवानग्या. आपल्या धंद्यात सूत स्वस्त आणि जागेची पागडी भारी, तसेच हे. गल्लीत तार टाकायला खर्च येतो तो दहा गिऱ्हाईक असोत की चाळीस, जवळपास तेवढाच. समजा एका गल्लीला दहा लाख रुपये लागले. (हा आकडा आम्ही समजावण्यासाठी घेतला आहे.) दहा गिऱ्हाईक मिळाले तर माणशी एक लाख पडला, चाळीस मिळाले तर पंचवीस हजार. तार नव्या शहरात नेणाऱ्या प्रत्येक कंपनीची झोप याच हिशेबाने उडालेली असते.

कॅन्सस सिटीचा बयाणा

फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने जाहीर केले की आम्ही ५० हजार ते ५ लाख लोकांपर्यंत गिगाबिटचे जाळे टाकून पाहणार आहोत, शहरांनी अर्ज करावेत. त्या काळी अमेरिकेतल्या साध्या घरातले नेट याच्या शंभराव्या हिश्शानेही चालत नसे. सुमारे ११०० गावांनी व शहरांनी अर्ज केले. कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहराने तर मार्च २०१० या महिन्यापुरते स्वतःचे नाव बदलून 'गूगल' ठेवले! लग्नाच्या बाजारात मुलीच्या बापाची जी गत होते, ती तेथे महापौरांची झाली होती.

मार्च २०११ मध्ये कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीची निवड झाली. राज्याच्या सीमेपलीकडे मिझुरी राज्यात याच नावाचे मोठे शहर आहे, तेही मे महिन्यात जोडले गेले. कॅन्सस बाजूच्या शहराची एक जमेची गोष्ट अशी की तेथले विजेचे खांब शहराच्याच वीज मंडळाचे आहेत. एका टेबलावर बोलणी झाली. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे कामास येईल.

जुलै २०१२ मध्ये भाव जाहीर झाले. गिगाबिट महिन्याला ७० डॉलर, टीव्हीसह १२० डॉलर. आणि ज्याला एवढे परवडत नाही त्याच्यासाठी ५ मेगाबिटचे साधे नेट, महिन्याचे भाडे शून्य, फक्त तार घरात आणण्याचे ३०० डॉलर एकदाच द्यायचे. तेही महिना २५ प्रमाणे फेडता येत. निदान सात वर्षे ही सवलत चालेल असे सांगण्यात आले.

पण आम्हांस खरी गंमत वाटली ती वाटपाच्या पद्धतीची. कंपनीने दोन्ही शहरांचे २०२ लहान भाग पाडले. प्रत्येक भागातल्या रहिवाशांनी १० डॉलर भरून नाव नोंदवायचे. ठरलेल्या मुदतीत त्या भागातल्या ५ ते २५ टक्के घरांनी (भागाप्रमाणे अट वेगळी) नोंदणी केली तरच तेथे तार जाणार. नाही तर वगळले. म्हणजे ऑर्डर आणि बयाणा हाती आल्याशिवाय मागावर बीम चढवायचा नाही. आपल्यापैकी जे लोक ऑर्डरशिवाय माल विणून गोदामात सडवतात, त्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा. त्याआधीच्या केबल कंपन्यांना शहरे सांगत असत की सगळ्या वस्त्यांना जोडणी द्या, मग परवाना घ्या. येथे ते बंधन नव्हते. मागणी दिसेल तेथेच खोदकाम, म्हणून खर्च आटोक्यात राहिला.

ट्रूस्ट रस्त्याच्या पलीकडे

धंदा म्हणून ही पद्धत चोख आहे. पण तिचे दुसरे अंग तेथेच उघडे पडले. मिझुरीच्या कॅन्सस सिटीत ट्रूस्ट ॲव्हेन्यू नावाचा लांब रस्ता आहे. त्याच्या पूर्वेला बहुसंख्य काळे आणि गरीब लोक राहतात, पश्चिमेला गोरे आणि सुखवस्तू. हा भेद तेथे कित्येक पिढ्यांचा. नोंदणी सुरू होताच पश्चिमेकडचे भाग एकामागून एक पूर्ण होत गेले आणि पूर्वेकडचे अडकून पडले. नकाशावर ट्रूस्ट रस्ता जणू पेन्सिलीने ओढल्यासारखा दिसू लागला.

तेथल्या लोकांना नेट नको होते असे नाही. नोंदणी नेटवरूनच करायची, पैसे कार्डानेच भरायचे. ज्याच्या घरी नेट नाही आणि हातात कार्ड नाही, त्याने ती कशी करावी? पुष्कळसे भाडेकरू होते. घरात तार घ्यायची तर मालकाची संमती हवी, आणि वर्षभरात घर बदलावे लागले तर ३०० डॉलर पाण्यात. शिवाय दहा डॉलर हे कोणाला किरकोळ, कोणाला दोन वेळचे जेवण.

मग शिक्षक, ग्रंथालयातले लोक, वस्तीतले कार्यकर्ते दारोदार फिरले. कोणी शेजाऱ्यांचे दहा-दहा डॉलर भरले. कंपनीनेही आपली माणसे त्या भागात पाठविली. सप्टेंबरात मुदत संपली तेव्हा २०२ पैकी १८० भाग पात्र ठरले. त्या शेवटच्या दिवसांतली धावपळ झाली नसती तर हा आकडा पुष्कळ कमी असता. जे २२ राहिले, त्यांच्या वाट्याला त्या फेरीत काही आले नाही. फुकटचे साधे नेटही कॅन्सस सिटीत नव्या गिऱ्हाइकांसाठी २०१६ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी काही सरकारी गरीब वस्त्यांना गिगाबिट मोफत देण्याचा कार्यक्रम मात्र सुरू झाला, आणि त्याचा आरंभ कॅन्सस सिटीच्याच वेस्ट ब्लफ या वस्तीपासून झाला.

हे वाचताना आम्हांस आमची गल्ली आठवली, हे कबूल केले पाहिजे. २०२१ मध्ये एका कंपनीचा मुलगा फॉर्म घेऊन आमच्याकडेही आला होता. नाव, मोबाईल नंबर, सही, एवढेच. म्हणाला, चाळीस फॉर्म झाले की तार आत येईल. आमच्या गल्लीत गाळे आणि घरे मिळून सव्वाशे तरी आहेत. पण कोणी म्हणाले हा कसला सर्व्हे आहे कोण जाणे, कोणी म्हणाले सही कशाला द्यायची, कोणी म्हणाले मालक गावी गेलेत. आम्ही स्वतः त्या मुलाला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, "बेटा, पुढच्या आठवड्यात ये." अकरा फॉर्म झाले. तार मेन रोडवर थांबली. त्या मुलाचे काही चुकले नव्हते. कंपनीचेही फारसे नाही.

खांब कोणाचा, रस्ता कोणाचा

२०१३ मध्ये ऑस्टिन आणि प्रोव्हो ही शहरे जाहीर झाली. ऑस्टिनचे नाव जाहीर झाले त्याच दिवशी तेथल्या जुन्या टेलिफोन कंपनीने, एटी अँड टीने, आपणही ऑस्टिनमध्ये गिगाबिट आणायला तयार असल्याचे जाहीर केले. इतकी वर्षे जे अशक्य होते ते एका दिवसात शक्य झाले! समोर दुसरे दुकान उघडले की भाव कसा उतरतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फेब्रुवारी २०१४ मध्ये आणखी ३४ शहरांशी बोलणी सुरू झाली आणि २०१५ मध्ये अटलांटा, शार्लट, नॅशव्हिल, रॅले-डरहॅम यांची नावे आली.

नॅशव्हिलमध्ये गाडी खांबांवर अडली. विजेच्या खांबावर आधीच टेलिफोनची तार, केबलची तार. नव्याला जागा द्यायची तर प्रत्येक जुन्या कंपनीने आपापला माणूस पाठवून आपापली तार सरकवायची. आणि जुनी कंपनी म्हणजे नव्याची प्रतिस्पर्धी. ती कशाला घाई करेल? २०१६ मध्ये गूगलने सांगितले की नॅशव्हिलमध्ये ८८ हजार खांब लागणार, त्यांपैकी ४४ हजारांवर सरकवासरकव करावी लागेल, आणि झाले आहेत फक्त ३३. तेहतीस हजार नव्हे, तेहतीस खांब. नगरपालिकेने नियम केला की एकच प्रशिक्षित तुकडी एकाच फेरीत सगळ्यांच्या तारा सरकवील. एटी अँड टी आणि कॉमकास्ट कोर्टात गेल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी तो नियम रद्द केला. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये देशाच्या दूरसंचार आयोगाने जवळपास तसाच नियम आपल्या अधिकारात केला. तोवर दोन वर्षे निघून गेली होती.

त्याआधीच ऑक्टोबर २०१६ मध्ये गूगलने नव्या शहरांचे काम थांबविले आणि त्या विभागाचे प्रमुख क्रेग बॅरट पायउतार झाले. ज्या शहरांशी फक्त बोलणी चालू होती त्यांच्या हाती काही उरले नाही.

खांब अडतात म्हणून लुईव्हिल शहरात दुसरी युक्ती झाली. रस्त्याच्या कडेला जेमतेम दोन इंच खोलीची चीर पाडायची, तार घालायची आणि वरून लुकण भरायचे. काम झपाट्याने झाले. शहर जाहीर झाल्यापासून काही महिन्यांतच, २०१७ च्या ऑक्टोबरात, नेट सुरू. आमच्या ओळखीचे एक ठेकेदार म्हणतात की घाईत शिवलेल्या कपड्याची शिवण पहिल्या धुण्यात कळते. तेथेही लुकण निघू लागले, तारा रस्त्यावर उघड्या लोळू लागल्या. दुरुस्त करायचे तर सगळे शहर नव्याने खोदावे लागणार होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचे सांगितले आणि १५ एप्रिल २०१९ रोजी सेवा बंद झाली. शेवटच्या दोन महिन्यांचे बिल गिऱ्हाइकांना माफ केले गेले. रस्ते पूर्ववत करण्यासाठी शहराला ३८ लाख ४० हजार डॉलर देण्याचे ठरले. एवढी भरपाई निघाली याचे श्रेय शहराने आधी केलेल्या लेखी कराराला आहे. आपल्याकडे खोदून गेलेल्या किती कंपन्यांनी खड्डा बुजवला, हे वाचकांनीच आठवावे.

एका डॉलरचा सौदा

प्रोव्होची कथा वेगळी आहे आणि कर्जाने धंदा वाढवू पाहणाऱ्याने ती दोनदा वाचावी. या लहान शहराने स्वतःच ३ कोटी ९० लाख डॉलरचे कर्जरोखे काढून फायबरचे जाळे टाकले होते. पण नेट विकण्याचे काम दुसऱ्या कंपन्यांकडे दिले. जाळे शहराचे, गिऱ्हाईक दुसऱ्याचे. पैसा पुरेना. २००८ मध्ये एका खासगी कंपनीला ते विकले, तो सौदाही टिकला नाही. अखेर २०१३ मध्ये गूगलने ते एका डॉलरला घेतले. कर्ज मात्र शहरावरच राहिले. ते फेडण्यासाठी रहिवाशांच्या बिलात महिना ५ डॉलर ३५ सेंट लावलेले होते, ते चालूच राहिले. त्याहून कहर म्हणजे सौद्याच्या वेळी उघड झाले की जमिनीखाली तारा नेमक्या कोठून गेल्या आहेत याची नोंदच शहराकडे धड नव्हती. ती शोधून काढायला सुमारे ५ लाख डॉलरची वेगळी तरतूद करावी लागली. वही नीट न ठेवण्याची एवढी मोठी किंमत आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

चॅटानूगाने काय केले

याच अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा शहराने कोणाची वाट पाहिली नाही. तेथे ईपीबी नावाचे शहराच्या मालकीचे वीज मंडळ आहे, १९३५ सालचे. वादळात तार तुटली की अर्धे शहर अंधारात जाई. मंडळाने ठरविले की विजेच्या जाळ्याबरोबर फायबर टाकायचे. बिघाड कोठे झाला ते जाळ्यालाच कळेल आणि वीज आपोआप दुसऱ्या वाटेने वळेल. त्यासाठी केंद्र सरकारच्या ऊर्जा खात्याकडून ११ कोटी १५ लाख डॉलरचे अनुदान मिळाले, बाकी रक्कम कर्जरोख्यांतून उभी केली. त्याच तारेवरून सप्टेंबर २०१० मध्ये, म्हणजे कॅन्सस सिटीच्या दोन वर्षे आधी, आपल्या हद्दीतल्या प्रत्येक घराला आणि दुकानाला गिगाबिट देऊ केले. प्रत्येक, हा शब्द महत्त्वाचा. वीज जेथे जाते तेथे तार जाते, गल्ली श्रीमंत आहे की गरीब हा प्रश्नच नाही.

सुरुवातीचा भाव जबर होता, महिन्याला ३५० डॉलर. २०१३ मध्ये तो ७० च्या आसपास आला. येथे एक गोष्ट आमच्या मनात भरली: एका तारेची दोन कामे. नेट घेणारे कमी असले तरी विजेच्या कामातून तार आपली किंमत वसूल करीत होती. आपल्याकडे शहाणा मागवाला एकाच बीमवर दोन तऱ्हांचा माल काढतो, तसे.

टेनेसी विद्यापीठाच्या चॅटानूगा शाखेतले अर्थशास्त्रज्ञ बेंतो लोबो यांनी पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा त्या परिसराला झालेला फायदा २६९ कोटी डॉलर आणि रोजगार सुमारे ९,५०० असे आकडे निघाले. असे आकडे अंदाजाचेच असतात, थोडे खाली-वर धरावेत. पण २०२० मध्ये साथीने शाळा बंद पडल्या तेव्हा जे झाले त्याला अंदाज लागत नाही: या मंडळाने व शाळाखात्याने मिळून गरीब घरांतल्या सुमारे २८ हजार मुलांना घरी फुकट नेट देण्याची योजना आखली. तार आधीच दारात होती.

शेजारच्या गावांनीही ही तार मागितली. पण राज्याचा कायदा असा की मंडळाने आपल्या वीजहद्दीबाहेर नेट विकू नये. २०१५ मध्ये दूरसंचार आयोगाने हे बंधन उठविले, २०१६ मध्ये अपील कोर्टाने ते पुन्हा बसविले. हद्दीच्या रेषेअलीकडे गिगाबिट, पलीकडे जे असेल ते.

पुन्हा नव्या शहरांकडे

दोन्ही बाजूंना ठेच लागल्यावर मधला मार्ग निघाला. अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये जाळे टाकले शहराच्या वीज मंडळाने, आणि त्यातली तार गूगलने भाड्याने घेतली. आयोवातल्या वेस्ट डे मॉइन शहराने २०२० मध्ये ठरविले की रस्त्याखाली रिकाम्या नळ्या आपण टाकायच्या आणि ज्या कंपनीला हवे तिने भाडे देऊन त्यांतून तार ओढावी. गूगल तेथे पहिली भाडेकरू झाली. यात शहाणपण असे की रस्ता एकदाच खोदला जातो, आणि एक कंपनी पळाली तरी नळी शहराचीच राहते, दुसरी येऊ शकते. गाळा शहराचा, दुकानदार बदलता. प्रोव्होनेही गाळा स्वतःचा ठेवला होता, पण तेथे मालाचा सगळा खर्चही शहराच्याच डोक्यावर होता. हा फरक आहे.

२०२२ मध्ये गूगल फायबरचे तेव्हाचे प्रमुख दिनी जैन यांनी जाहीर केले की ॲरिझोना, कोलोरॅडो, नेब्रास्का, नेवाडा आणि आयडाहो या पाच राज्यांतल्या शहरांत काम होईल. २०१६ च्या थांब्यानंतर सहा वर्षांनी. या खेपेस महापौरांची वरात नव्हती, गाजावाजा बेताचा होता.

आपल्या बाजूला

ही काच परदेशी आहे असे समजू नये. ऑप्टिकल फायबर आपल्या महाराष्ट्रातच, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत तयार होते आणि परदेशी जाते. आपल्या देशात लोकांना विकतचे इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, टेलिफोनच्या तारेवरून. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या सरकारी योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली, तीच पुढे भारतनेट झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओने घरोघरी फायबरची विक्री सुरू केली आणि भावांची घसरण झाली. केबल टीव्हीचे स्थानिक चालकही याच धंद्यात आहेत. म्हणजे आपल्याकडे अडचण मोठ्या रस्त्याची कमी आणि शेवटच्या दोनशे पावलांची जास्त आहे.

जोडणी घेणाऱ्या बांधवांनी काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. जाणारा वेग किती, हे वर आलेच. एका तारेचे किती घरांत वाटे झाले आहेत, तेही विचारावे. एक काच बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते, आणि संध्याकाळी सगळे एकदम बसले की आपला वाटा लहान होतो. पावसाळ्यात तार तुटली तर किती तासांत माणूस येईल, हे तोंडी नको, पावतीवर लिहून घ्यावे. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून येत असे, घरात अंधार असला तरी फोन चाले. फायबरच्या डब्याला आपल्याच घरची वीज लागते. भारनियमनात माग थांबतो तेव्हा नेटही थांबते. डब्यापुरती लहानशी बॅटरी मिळते, ती जोडणीबरोबरच घ्यावी.

आमच्या गल्लीचे राहिले. त्या डिझायनर मुलाने आता स्वतः फॉर्म छापून घेतले आहेत. एका रविवारी आम्ही त्याच्याबरोबर फिरलो. पहिल्या मजल्यावर एक खाला एकट्या राहतात, शिवणकाम करतात. त्यांनी विचारले, "भाईजान, सही केल्यावर घ्यावेच लागेल का?" आम्ही फॉर्म वाचून दाखविला. घ्यावेच असे नाही, पण तार दारापर्यंत येईल. त्यांनी सही केली आणि समोरच्या दोन घरांतूनही आणून दिली. भाडेकरूंसाठी मालकांना फोन लावले, एक मालक तर मालेगावहून हो म्हणाले. काल संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस फॉर्म झाले होते. कंपनीचा माणूस गुरुवारी खांब पाहायला येणार आहे. शिडी आमच्या गाळ्यात ठेवली आहे.